लहानूच्या बटेरीची गोष्ट

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भूपेंद्र नागपूरहून घरी आला तो एक भोकं पाडलेलं खोकं घेऊनच. खोक्यात चोवीस जपानी बटेरी होत्या. मित्राच्या फार्मवरून आणल्या, म्हणाला. दीड महिन्यात अंड्यावर येतात, फारशी जागा लागत नाही, कोंबड्यांसारखा कालवा नाही. आईला हे सगळं सांगून त्याने ते खोकं मागच्या अंगणात मोरीशेजारी ठेवलं, आणि पंधरा दिवसांत पुण्याच्या कंपनीतून बोलावणं आलं म्हणून बॅग उचलून निघूनही गेला. हे दोन हजार एक सालचं. बटेरी आईच्या, म्हणजे सुलोचनाबाईंच्या, गळ्यात पडल्या.

वर्ध्याकडच्या तळेगावच्या बाजाररस्त्यावर त्यांचं किराण्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मध्ये राहतं घर, मागे अंगण. वारा अंगणातून दुकानाकडे वाहू लागला की त्याच्याबरोबर खोक्याचा वासही जायचा. बंडूजी, म्हणजे सुलोचनाबाईंचे यजमान, तसे शांत माणूस. पण एका दुपारी ते तराजू तसाच सोडून आत आले.

"गिऱ्हाईक नाकाले पदर लावून साखर मागून राह्यलं," ते म्हणाले. "आठ दिवस देतो. नाई तर मी सोडून देतो साऱ्या वावरात."

पण बटेरी द्यायला सुलोचनाबाईंचं मन होईना. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. दुकान बंडूजींचं, देवघर सासूबाईंनी लावून दिलेलं, पोरं आपापल्या वाटेला. त्या ठिपक्याठिपक्यांच्या, मुठीएवढ्या पाखरांना सकाळी दाणे टाकताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं की हे आपलं आहे.

त्याच आठवड्यात धुरपता डाळ निवडायला आली. दुकानातली तूरडाळ, गहू, मूग निवडायचं काम तिच्याकडे होतं. पलीकडच्या बुद्धविहारामागच्या वस्तीत ती राहायची. नवरा प्रेमदास स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर जायचा, आणि गुडघा धरेपर्यंत तीही त्याच्याबरोबर फळ्या कापायला, खिळे ठोकायला जात असे. वयाने दोघी जवळपास सारख्या. सुलोचनाबाई तिला "धुरपता" म्हणायच्या, ती त्यांना "बाई".

सूप बाजूला ठेवून धुरपता खोक्याशी जाऊन बसली. तिने झाकण जरासं उचललं तशी एक बटेर ताडकन वर उसळली आणि झाकणावर आदळून खाली पडली.

"बाई, ह्या सरळ वर उडतेत," धुरपता म्हणाली. "कोंबडीवानी आडव्या नाई पळत. पाहा, दोघीतिघींची टाळू सोलली आहे. याहिले असं ठेवसान तं मरतीन."

"तुले काय माहीत?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"माह्या बापानं सांगतलं."

मग तिने डाळ निवडता निवडता सांगितलं. तिचं माहेर रोहण्याचं. बाप लहानू, हरभऱ्याच्या वावरात रात्री राखणीला, जागलीला जायचा. एकदा पहाटे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, त्याला पंखाला लागलेली बटेर सापडली. धुरपता तेव्हा पाचसहा वर्षांची. लेकीला दाखवायला म्हणून त्याने ती धोतराच्या सोग्यात घरी आणली आणि टोपल्याखाली झाकून ठेवली. माणसाची चाहूल लागली की पाखरू वर उसळायचं आणि टोपल्याच्या काडीवर डोकं आपटायचं. दुपारपर्यंत ते मेलं. लहानू त्या दिवशी जेवला नाही. लेकीला म्हणाला, "चूक माही होती, पाखराची नाई. त्याले डोक्यावर आभाळ पाह्यजे; आभाळ देता येत नसंन तं काही मऊ तरी द्यावं." पुढे पुन्हा एक जखमी बटेर मिळाली तेव्हा त्याने टोपल्याच्या आत जुनं लुगडं ताणून बांधलं. ती जगली. पंख सुधारल्यावर त्याने ती वावरात नेऊन सोडली.

"तं याहिलेबी वरून कपडा पाह्यजे," धुरपता म्हणाली. "आनं खालून जाळी. घाण खाली पडली पाह्यजे, पायात नाई."

त्या बोलण्यातून खुराडं उभं राहिलं. पुढचे सहा दिवस दोघी अंगणातच होत्या. प्रेमदासची आरी आणि हातोडी आली. माळ्यावरच्या जुन्या दाराच्या चौकटीतून धुरपताने चार पाय काढले, कमरेइतके उंच. "वाकून साफ करा लागलं तं दोन दिवस करसान, तिसऱ्या दिवशी नाई करसान," ती म्हणाली. तळाला बारीक जाळी, आणि तिला पुढे बोटभर उतार, म्हणजे अंडं घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येईल, त्याला घाण लागणार नाही. जाळीखाली दुकानातले तेलाचे पिपे कापून, कडा ठोकून केलेले दोन पत्र्याचे ट्रे. टेबलाच्या खणासारखे ओढायचे, बादलीभर पाण्याने धुवायचे, परत सारायचे. दोन्ही बाजूंना दारं, हात घालून कोपरा न् कोपरा पुसता यावा म्हणून. पायांखाली पाण्याचे डबे, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत वरून सुलोचनाबाईंचं एक मऊ सुती पातळ ताणून बांधलं, आणि त्याच्यावर लाकडी छत, छतावर कवेलू, बारकी कौलं.

रंग सुलोचनाबाईंनी दिला. मोरपंखी, आणि कडेने पिवळी वेल. कवेलूंना गेरू लावला. सहाव्या दिवशी संध्याकाळी बंडूजी मागच्या दारात येऊन उभे राहिले, एक ट्रे ओढून पाहिला, परत सारला, पुन्हा ओढला. "दुकानातल्या गल्ल्यापेक्षा बरा सरकते हा," म्हणाले. त्यानंतर ते रोज दुपारचा चहा अंगणातच घेऊ लागले.

त्या सहा दिवसांत सुलोचनाबाई आणि धुरपताने किती वेळा एकाच ताटलीतले पोहे खाल्ले असतील. आपण भेद पाळत नाही याचं सुलोचनाबाईंना मनातल्या मनात कौतुक वाटायचं. हे कौतुक अंगणापुरतंच होतं, धुरपता कधी पुढच्या बैठकीत येऊन बसली नव्हती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

बटेरी अंड्यावर आल्या. खुराडं पाहायला बायका येऊ लागल्या. वास नाही, माशा नाहीत, आणि दिसायला एखाद्या खेळण्यातल्या घरासारखं. बातमी पोचत पोचत तालुक्याला गेली, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पशुसंवर्धनाचे एक साहेब एका वार्ताहराला घेऊन दुकानासमोर उतरले.

धुरपता तेव्हा अंगणात ट्रे धूत होती. हातात खराटा, लुगड्याचा काचा मारलेला, घोट्यापर्यंत पाणी. सुलोचनाबाई आतून धावत आल्या. त्यांनी नवी साडी नेसली होती.

"धुरपता, तू जरा स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूले हो," त्या म्हणाल्या. "चहाचं पाहजो. पाच कप."

धुरपताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खराटा भिंतीला टेकवला आणि गेली.

साहेबांनी खुराड्याला प्रदक्षिणा घातली. ट्रे ओढला. उतार पाहिला. "वा!" म्हणाले. "ही कल्पना कोणाची?"

सुलोचनाबाईंना पुढे कितीतरी वर्षं तो क्षण आठवत राहिला. उत्तर जिभेवर होतं. धुरपता भिंतीपलीकडेच होती. स्टोव्हचा आवाज येत होता. वार्ताहराने कॅमेरा डोळ्याला लावला होता. बंडूजी बाजूला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर बायकोबद्दलचा असा अभिमान होता, जो बावीस वर्षांत सुलोचनाबाईंनी पाहिला नव्हता.

"घरीच केलं, जी," त्या म्हणाल्या.

शब्द खोटा नव्हता. साहेबांनी त्याचा जो अर्थ घेतला तो त्यांनी घेऊ दिला.

पेपरात फोटो आला. सुलोचनाबाई, मोरपंखी खुराडं, तळहातावर ठिपक्यांची तीन अंडी. धुरपताने तो फोटो पाहिला. डाळ निवडता निवडता म्हणाली, "चांगला आला बाई. वेल बरोबर दिसते." सुलोचनाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तिला काही वाटलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ती नेहमीसारखी येत राहिली, ट्रे धूत राहिली.

मग बोलावणी सुरू झाली. बचत गटांच्या मेळाव्यात सुलोचनाबाईंनी येऊन खुराड्याची माहिती द्यावी. प्रेमदासकडूनच त्यांनी खुराड्याचा एक छोटा नमुना करून घेतला आणि तो पिशवीत घालून त्या आष्टीला गेल्या, आर्वीला गेल्या. सुरुवातीला कागदावर लिहून नेलेलं वाचायच्या. पुढे सवय झाली. बायका ऐकतात, वहीत लिहून घेतात, "मॅडम" म्हणतात, हे गोड लागायला लागलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात बोलावणं आलं ते रोहण्याचं. शाळेच्या पटांगणात साठेक बायका होत्या. सुलोचनाबाईंनी ट्रे ओढून दाखवला, उतार दाखवला. मग पुढच्या ओळीतल्या एकीने विचारलं, "वरून कपडा काऊन लावला, बाई? जाळी का नाई?"

हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता. सुलोचनाबाई सांगू लागल्या, आणि सांगता सांगता बायका पुढे सरकल्या. टोपल्याखालचं पाखरू, त्याचं आपटणं, न जेवलेला बाप. एकीने डोळ्याला पदर लावला. आणि सुलोचनाबाई म्हणाल्या, "माझे वडील म्हणायचे, त्याला आभाळ देता येत नसेल तर काही मऊ तरी द्यावं."

टाळ्या पडल्या. बसमध्ये बसल्यावरही त्या टाळ्या त्यांच्या कानात होत्या. सुलोचनाबाईंचे वडील आर्वीत कापडाचे व्यापारी होते. त्यांनी आयुष्यात पाखरू हातात धरलं नव्हतं. आणि रोहणा हे कोणाचं माहेर आहे हे त्यांना गाडी गावाबाहेर पडल्यावर आठवलं.

चौथ्या दिवशी धुरपता आली. डाळीचं पोतं तिने उघडलं नाही. ती अंगणात गेली, दोन्ही ट्रे ओढून धुतले, दारं उघडून आतली जाळी पुसली, छताचं कापड सोडून पिळून वाळत घातलं, पायांखालच्या डब्यांत पाणी भरलं. सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. हात पुसून धुरपता समोर आली.

"माही भावजय अनुसया बसली होती त्या सभेत," ती म्हणाली. "ती माह्यासमोर हसली, बाई. म्हणे, माह्या सासऱ्याले, म्हणजे तुया बापाले, तुया मालकिणीनं दत्तक घेतलं वाटते."

"धुरपता, तोंडातून निघून गेलं गं..."

"खुराडं घेतलं, मी काही म्हटलं का? फोटो काढला, काही म्हटलं का? तुमच्या अंगणातलं होतं, लाकूड तुमचं होतं. पण माह्या बापाले काऊन नेलं, बाई? त्याच्यापाशी तेवढी एकच गोष्ट होती सांगाले."

सुलोचनाबाईंनी त्या क्षणी तिचे हात धरायला हवे होते. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "तुझी मजुरी वाढवून देते मी."

धुरपता त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. ओळखीचं माणूस अनोळखी दिसावं तसं काहीतरी होतं. ती मागच्या दाराने आली होती. जाताना घरातून, बैठकीतून, दुकानातून, बंडूजींच्या आणि गिऱ्हाइकांच्या समोरून सरळ चालत रस्त्यावर गेली.

"धुरपता काऊन गेली?" संध्याकाळी बंडूजींनी विचारलं.

"तिचा गुडघा दुखते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेमदासला वर्ध्याला काम मिळालं आणि ते दोघं मुलीला, जागृतीला, घेऊन तिकडे गेले. डाळ निवडायला शोभाबाई नावाची दुसरी बाई आली. ती कामाला चांगली होती, पण खुराड्याकडे जायची नाही. सुलोचनाबाई स्वतः ट्रे धुवायच्या. वाकावं लागत नव्हतं, पाच मिनिटांत काम व्हायचं; आणि ती पाच मिनिटं त्यांना दिवसातली सगळ्यात जड जायची. मेळाव्यांची बोलावणी येत होती. त्यांनी आधी तब्येतीचं कारण सांगितलं, मग नुसतंच नाही म्हणू लागल्या. वर्ध्याला जाऊन यावं असं दर महिन्याला मनात यायचं. पत्ता माहीत नाही, हे कारण होतं. पत्ता विहारात कोणीही सांगितला असता.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला बर्ड फ्लूच्या बातम्या आल्या. आजार दूर तिकडे, पण भीती गावोगाव पोचली. अंडी कोणी घेईना. बटेरी तशाही थकल्या होत्या, एकेक करून संपत आल्या होत्या, आणि सुलोचनाबाईंनी नव्या आणल्या नव्हत्या. शेवटची गेली तेव्हा त्यांनी पपईच्या बुडाशी खड्डा करून तिला पुरलं.

त्याच साली दिवाळीनंतर आर्वीच्या बाजारात त्यांना धुरपताची भावजय अनुसयाबाई भेटल्या; धुरपताकडे आल्या असताना त्यांना एकदा पाहिलं होतं. ओळख दाखवावी की नाही असं दोघींनाही झालं. शेवटी अनुसयाबाईच म्हणाल्या, "सासरे खाटेवर हायेत. धुरपता आलीये सेवेले."

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई रोहण्याच्या बसमध्ये बसल्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत पाठ केलं. लहानूच्या पायावर डोकं ठेवायचं. म्हणायचं, बाबा, तुमची गोष्ट मी चोरली. त्याच्यापुढे धुरपताशी बोलायचं. जे होईल ते होईल.

घर सापडायला वेळ लागला नाही. पडवीत खाट होती, खाटेवर कातडी आणि हाडं एवढंच उरलेला म्हातारा. धुरपता त्याला पेज पाजत होती. सुलोचनाबाईंना पाहून तिचा चमचा थांबला. ती उठली नाही, ये-बसही म्हणाली नाही.

"कोण आहे वं?" म्हाताऱ्याने विचारलं. डोळ्यांनी त्याला फारसं दिसत नव्हतं.

"तळेगावच्या बाई हायेत," धुरपता म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. तो उठून बसायची धडपड करू लागला. "बटेरीवाल्या बाई? आपल्या घरी आल्या? अवं, बाज टाक, पाणी दे त्याहिले!" त्याने दोन्ही हात जोडून हवेतच वर धरले. "लय उपकार झाले, बाई. धुरपतानं सांगतलं मले. भर सभेत माहं नाव घेतलं म्हणे तुमी. याच गावात, शाळेत! या गावात माहं नाव मजुरीची हजेरी घेतानाच घेतलं कोणी. आनं तुमी साठ बायांच्या समोर घेतलं."

सुलोचनाबाईंनी धुरपताकडे पाहिलं. ती वाटीत बघत होती.

"बाबा, मी तुमाले..." सुलोचनाबाईंनी सुरुवात केली.

धुरपताने मान वर केली. एकदाच, किंचित, आडवी हलवली.

पाठ केलेलं सगळं सुलोचनाबाईंनी तिथेच सोडून दिलं.

"कसं सांगतलं जी तुमी?" म्हातारा विचारत होता. "मी तं नव्हतो तथी. एकडाव सांगा ना. जसं सांगतलं तसंच."

सुलोचनाबाई खाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. आणि त्यांनी सांगितलं. "रोहण्याचे लहानू," त्या म्हणाल्या, "हरभऱ्याच्या वावरात जागलीला जात असत..." धुरा, पहाट, धोतराचा सोगा. पाच वर्षांची लेक. टोपलं. मध्येच म्हातारा म्हणाला, "टोपलं नव्हतं जी, डालगं होतं, झाकणाचं," आणि त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं. शेवटचं वाक्य त्याने त्यांच्याबरोबरीने म्हटलं. मग तो समाधानाने मागे टेकला आणि थोड्या वेळात झोपला.

धुरपता त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली.

"त्याले काऊन असं सांगितलं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"अनुसया बडबडली होती घरात. त्याच्या कानावर गेलंच असतं उलटंसुलटं. म्हणून मी आधी सांगून टाकलं, का बाईनं तुहं नाव घेतलं. तवापासून तो, जो येईन त्याले सांगत असते."

"मला माफ कर, धुरपता."

"मी त्याच्यासाठी खोटं बोलली, बाई," धुरपता शांतपणे म्हणाली. "तुमच्यासाठी नाई बोलली." मग बस दिसली तशी तिनेच हात दाखवून थांबवली.

लहानू होळीच्या आधी गेला. सुलोचनाबाईंना आठ दिवसांनी कळलं. खुराडं खरं कोणाचं ते सांगायला त्या तालुक्याला, पशुसंवर्धनाच्या त्या साहेबांना भेटायला गेल्या. ते बदलून गेले होते. नव्या माणसाने त्यांचं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, इतक्या वर्षांनी आता यात काय करायचं?" वार्ताहरही आता दुसऱ्या पेपरात होता.

शेवटी चैत्रात त्यांनी आपल्याच बचत गटाच्या बैठकीत, आपल्याच घरच्या बैठकीच्या खोलीत, अकरा बायकांसमोर सगळं सांगितलं. खुराडं धुरपताबाईंनी बांधलं, गोष्ट त्यांच्या वडिलांची, लहानूंची, आणि रोहण्याला मी खोटं बोलले. बंडूजी दुकानातून ऐकत होते. एकीने विचारलं, खुराड्याला आतून चुना कधी मारायचा, वर्षातून एकदा की दोनदा. दुसरी, वयाने मोठी, जरा वेळाने म्हणाली, "हे तिच्यासमोर सांगाले पाह्यजे होतं, सुलोचना."

"बोलावलं होतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अनुसयाबाईंच्या हाती दोनदा निरोप धाडला."

बाहेर बंडूजी कोणालातरी साखर मोजून देत होते.

"नाई आली," त्या म्हणाल्या.